बेरिंगला हळदकुंकू

घरात माणसं दहा आणि आमच्या ह्यांनी गाडी आणली दोन सीटची.

सासू-सासरे, मोठे दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं आणि आमची दोन. यात त्या दोन सीट नेमक्या कुणाच्या, हा प्रश्न गाडी फाटकातून आत येताना प्रत्येकाच्या तोंडावर होता; विचारला मात्र कुणी नाही. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि काचेतून आत डोकावून बघितलं.

"मागं कायच नाय का रं?"

"नाय," हे म्हणाले.

"मग पोरं कुठं बसायची?"

ह्यांनी उत्तर दिलं नाही. उत्तर न देण्यात माझ्या नवऱ्याचा हात कुणी धरला नसता.

गाडी लाल, बुटकी, जर्मन बनावटीची स्पोर्ट्स कार होती. तिच्यात बसायचं म्हणजे आधी वाकायचं, मग एक पाय आत टाकायचा आणि देवाचं नाव घेऊन अंग सोडून द्यायचं. मुंबईच्या कुणा बिल्डरने चार-सहा वर्षं वापरून ती विकायला काढली होती. पिंपळगावला द्राक्षं परदेशी पाठवणारा ह्यांचा एक मित्र होता, त्याने ती दाखवली. आणि स्वतःच्या शर्टाचा रंगसुद्धा दुकानदाराला विचारून घेणाऱ्या माझ्या नवऱ्याने ती एका दुपारीत ठरवून टाकली. साल दोन हजार पाच असेल. नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला आमचा फुलांचा मळा आहे. पिढ्यान् पिढ्या झेंडू आणि शेवंती. ह्यांनी हट्टाने पॉलिहाउस उभारून त्यात गुलाब घेतले होते, आणि दोन वर्षं गुलाब बरे गेले होते. तो आनंद असा लाल होऊन दारात उभा राहिला.

मी चिडले होते. पण त्या चिडण्याच्या तळाशी एक वेगळीच गोष्ट होती आणि ती सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी नाशिक रोडची. वडील सरकारी नोकरीत, आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. दर रविवारी संध्याकाळी आई आणि वडील दोघंच स्टेशनपर्यंत पायी फिरायला जात, भेळ खाऊन परत येत. आम्हा भावंडांना त्यात काही विशेष वाटायचं नाही. ते केवढं विशेष होतं ते लग्नानंतर कळलं.

माझं लग्न चौऱ्याण्णव साली झालं. पाचव्या दिवशी नव्या जोडप्याला घेऊन त्र्यंबकेश्वराच्या दर्शनाला जायचं ठरलं. मी रात्रीच निळी साडी काढून ठेवली. सकाळी बघते तर फुलांचा टेम्पो दारात उभा. पुढे ड्रायव्हरशेजारी सासरे आणि आत्येसासूबाई, मागे हौद्यात आम्ही नऊ जण झेंडूच्या रिकाम्या क्रेटवर. नवरा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला आणि मध्ये सगळं गोत. जाताना भजनं, येताना उलट्या. ती निळी साडी मी पुन्हा नेसले नाही.

पुढे समजत गेलं की या घरातून बाहेर पडायला दोनच कारणं चालतात: काम किंवा देव. काम असेल तर ज्याचं काम तो जातो. देव असेल तर सगळे जातात. 'नुसतं' हे कारण कुणाच्या कोशातच नव्हतं. दुष्ट नव्हते हो कुणी. सासूबाईंनी माझ्या दोन्ही बाळंतपणांत मला फुलासारखं जपलं. शाळेतली इंग्रजी शिकवायची नोकरीही मी लग्नानंतर सोडली नाही, आणि ती सोडायला कुणी सांगितलंही नाही. पण नवरा-बायकोने दोघांनीच उठून कुठेतरी जायचं, हे त्यांना जरासं लाज आणणारं वाटायचं. सगळ्यांसमोर एकाच ताटात जेवल्यासारखं.

म्हणून गाडी आली तेव्हा, चिडलेली असूनही, मी त्या दोन सीटकडे पुन्हा पुन्हा बघत होते. दोन-तीन दिवसांनी पॅकिंग शेडमध्ये गुलाबांच्या जुड्या बांधत असताना हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकदा जाऊ आपण. इगतपुरीपर्यंत. घाट बघून येऊ. दोघंच."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. 'दोघंच' हा शब्द माझ्या नवऱ्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. हातातली जुडी मी दोनदा बांधली.

आता इगतपुरी काही विलायतेत नाही. घरातून निघालं तर तासाभरात माणूस घाटाच्या तोंडाशी उभा राहतो. पण आम्हाला तो तासभर मिळायला दीड वर्ष लागलं.

पहिल्या रविवारी आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मार्केटमध्ये गाडी दाखवायची होती. दुसऱ्या रविवारी आबांना भाच्याकडे जायचं होतं. तिसऱ्या रविवारपर्यंत दुसरी सीट आबांची झाली होती, आणि त्यावर त्यांनी घरची एक उशीही ठेवली होती. गाडी चाळीसच्या वर जायची नाही, कारण आबांना वारा लागायचा. एरवी ती मळ्यातल्या शेडमध्ये, हिरव्या शेडनेटच्या खोळीत. रोज सकाळी हे जायचे, खोळ काढायचे, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचे, बंद करायचे, पुन्हा खोळ घालायचे. "इंजिनाला सवय पाह्यजे," म्हणायचे. रोज सकाळी मी डबे भरत असताना ती गुरगुर ऐकू यायची आणि पाच मिनिटांनी थांबायची.

अशात एके दिवशी तो पिंपळगावचा मित्र आला आणि चहा पिता पिता सहज म्हणाला, "बेरिंग बदललं का रे?"

त्या एका प्रश्नाने आमच्या घराची जी झोप उडवली ती काही विचारू नका. झालं होतं असं, की त्या जातीच्या गाड्यांच्या इंजिनात, अगदी पोटात, एक मधला दांडा असतो आणि त्याच्या टोकाला एक बेरिंग. मुठीत मावेल एवढं. ते सहसा जात नाही. पण गेलं तर न सांगता जातं आणि जाताना अख्खं इंजिन घेऊन जातं. बदलायचं तर इंजिनामागचा गिअरबॉक्स उतरवून आत शिरावं लागतं. म्हणजे ठणठणीत चाललेली गाडी आपल्या हाताने फाडायची, कशासाठी, तर कदाचित कधीतरी जे होईल ते होऊ नये म्हणून. आणि नाही फाडली तर प्रत्येक वेळी किल्ली फिरवताना कान इंजिनाकडे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

त्या दिवसापासून इगतपुरीचं नाव काढलं की एकच उत्तर मिळायचं, "आधी बेरिंगचं बघू."

बघू म्हणजे काय, ते मी सांगते. हे सायबर कॅफेत गेले आणि परदेशातल्या मालकांनी एकमेकांना लिहिलेली पत्रापत्री छापून घेऊन आले. जाड गठ्ठा. इंग्रजी. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की ओट्यावर बसून मी ते मोठ्याने वाचायचं आणि मराठीत सांगायचं. मुलांच्या वह्या तपासायच्या तशाच पडलेल्या. एक अमेरिकन म्हणे, मी बदललं आणि आता सुखाने झोपतो. दुसरा म्हणे, मी कधी बदललं नाही आणि मीही सुखाने झोपतो. तिसरा दोघांनाही मूर्ख म्हणायचा. दुसऱ्या पानावरचा एक निवृत्त दंतवैद्य तर तीन वर्षं ठरवतच होता. पानामागून पान हेच. हे मान डोलवत ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "म्हंजे त्यांचं पण ठरलेलं नाय." यात त्यांना केवढा आधार वाटायचा! शेजारी गवार मोडत बसलेल्या सासूबाई विचारायच्या, "त्या दातवाल्याचं काय झालं पुढं?"

घरातल्या प्रत्येकाला मत होतं. आबा म्हणाले, "चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची?" मोठे दीर म्हणाले, बदलून टाक, जिवाला घोर नको. पुढच्या आठवड्यात दोघांनी मतं बदलली, कारण मध्ये दिरांच्या साडूने काहीतरी सांगितलं होतं. गुलाब न्यायला येणारे व्यापारीसुद्धा हिशेबाआधी विचारायचे, "शेठ, बेरिंगचं काय?" असं ते भिजत घोंगडं. पावसाळा गेला, हिवाळा आला, गुलाबांचा फेब्रुवारी आला आणि गेला. शेडनेटखाली गाडी रोज सकाळी पाच मिनिटं गुरगुरायची.

मला सगळ्यात जास्त संताप कशाचा यायचा सांगू? हाच माणूस पॉलिहाउसमध्ये कसा वागायचा त्याचा. आकाशात हाताएवढा ढग दिसला की ह्यांचा पंप पाठीवर. पानावर भुरीचा ठिपकासुद्धा नाही, पण फवारणी झालीच पाहिजे. "रोग दिसल्यावर औषध मारून काय उपयोग? दिसायच्या आत मारायचं," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवेन. एकदा मी त्यांना तिथेच, नळीसकट गाठलं.

"झाडाला आधी औषध मारता ना? मग गाडीलाच का मुहूर्त लागतो?"

"झाड वेगळं, मशीन वेगळं."

"काय वेगळं?"

त्यांनी नळी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "झाडाला उघडावं लागत नाय."

मी तशीच घरी आले आणि कणीक इतकी तिंबली की त्या दिवशीच्या पोळ्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं.

शेवटी ठरलं. कसं ठरलं ते मलाही नीट सांगता येणार नाही. बहुधा मित्राने परस्परच बेरिंग मागवलं आणि ते मुंबईहून येऊन दाखल झालं म्हणून ठरलं. नवंकोरं, तेलकट कागदात आणि जाड प्लॅस्टिकमध्ये घट्ट बंद, वर लहानसा खोका. पण ते आलं पितृपक्षात. सासूबाई म्हणाल्या, या दिवसांत नवं काही जोडायचं नाही. पुढे लगेच नवरात्र. आणि फुलांच्या मळ्यात नवरात्र म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नसते. वर्षाचा झेंडू त्या दहा दिवसांत निघतो. म्हणजे दसऱ्यानंतर. हरकत नाही, म्हटलं, दीड वर्ष काढलं, पंधरा दिवस आणखी. खोका कपाटावर ठेवला आणि सगळ्यांना बजावलं, हात लावायचा नाही.

सासूबाई त्या वेळी ओढ्यावरच्या देवीला गेल्या होत्या, हे माझ्या लक्षात आलं नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा मोठी असते. विळे, कोयते, गुलाबाच्या कात्र्या, फवारणीचे पंप, नटबोल्टचे पाने, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं. सासूबाईंचे नऊ दिवसांचे उपवास, तरी सगळं स्वतःच्या हाताने करतात. मी त्या दिवशी पहाटेपासून झेंडूच्या तोडणीवर होते, हे मार्केटला. दहाच्या सुमाराला दोघंही घरी आलो तेव्हा पूजा मांडून झाली होती. ह्यांनी चप्पल काढली, हात जोडले, डोळे मिटून नमस्कार केला आणि मग डोळे उघडून बघितलं.

मधोमध, सगळ्या हत्यारांच्या पुढे, मानाच्या जागी, बेरिंग.

प्लॅस्टिक काढलेलं. कागद काढलेला. ओल्या फडक्याने स्वच्छ पुसलेलं, म्हणजे होतं नव्हतं ते तेलही गेलेलं. वर हळद, हळदीवर कुंकू, कुंकवावर अक्षता, आणि मधल्या भोकात झेंडूचं फूल, अगदी मापात बसलेलं. सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "केवढं साजरं दिसतंय बघ. बाकीची सगळी हत्यारं पुजली, मग म्हटलं हे बिचारं खोक्यात कशाला. ह्याच्यावरच तर सगळं हाय म्हणता ना तुम्ही?"

खरं तर पूर्ण घरात तेवढं एकच माणूस त्या बेरिंगशी सरळ वागलं होतं. पण हे मला आज कळतं. त्या दिवशी मी नवऱ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा झेंडूसारखाच पिवळा पडला होता. नवमीचा दिवस, उपाशी आई. ते हळू आवाजात म्हणाले, "लय भारी दिसतंय, आई."

आणि प्रसादाला बसले.

दसऱ्यानंतर ते बेरिंग नाशकातल्या द्वारका चौकाजवळच्या गॅरेजमध्ये गेलं. तिथले उस्ताद बरीच वर्षं आखातात अशाच गाड्या दुरुस्त करून आलेले; नाशकात ही गाडी उघडायची छाती त्यांचीच. हे गाडी घेऊन गेले, दुसऱ्या सीटवर आबा आणि त्यांची उशी. मी शाळेतून परस्पर पोहोचले, कारण उस्ताद काय म्हणतात ते मला स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. घरी येईपर्यंत त्याचं काय झालं असतं कोण जाणे.

उस्तादांनी बेरिंग बोटांत धरून फिरवलं. कानाजवळ नेलं. मग नाकाजवळ नेलं.

"पूजा केली?"

"आईने," हे म्हणाले.

"अच्छा केलं. आता ह्याला देवाजवळच ठेवा. इंजिनात नाय जाणार हे."

"धुऊन घेतलं तर?"

"धुऊन पण नाय. गोळ्यांच्या मधे हळदीचा एक दाणा जरी राहिला ना शेठ, तर मला झोप नाय लागणार. तुमची झोप तर आधीच गेलेली दिसते." मग त्यांनी गाडीचा किलोमीटरचा आकडा बघितला, खाली वाकून थोडं तेल काढून बोटावर घेतलं आणि विचारलं, "दीड वर्षात एवढीच चालली? करता काय हिचं?"

ह्यांनी जरा अभिमानानेच सांगितलं. खोळ. चाळीसचा वेग. रोज सकाळची पाच मिनिटं.

उस्तादांनी बोट पुसलं. "शेठ, हे कोणी शिकवलं तुम्हाला? पाच मिनिटांत तेल गरमच नाय होत. आतमधे पाणी सुटतं, ते तेलात जातं, आणि तेच त्या बेरिंगला खातं. तुम्ही रोज सकाळी उठून त्याला थोडं थोडं मारलं. ही गाडी पळून नाय मरत, उभी राहून मरते. मी तेल बदलून देतो. दर आठवड्याला लांब न्या, जरा पळवा, नीट गरम होऊ द्या. बेरिंगचं पुढच्या वर्षी बघू."

"पण रस्त्यात गेलं तर?"

"तर मला फोन करा."

हे गाडीभोवती एक चक्कर मारून आले. आणि मग म्हणाले, देवाशपथ सांगते, असं म्हणाले, "त्यापेक्षा दुसरं बेरिंगच मागवू. येईल दोन-तीन महिन्यांत. तोपर्यंत खोळ घालून ठेवू."

आबांसमोर मी कधी आवाज चढवला नव्हता. परक्या माणसासमोर तर नाहीच. त्या दिवशी दोन्ही झालं.

"या रविवारी मी या गाडीतून इगतपुरीला जाणार आहे. बेरिंग गेलं तर गेलं. तुम्ही येणार असलात तर बसा शेजारी, नसलात तर मी एकटी जाईन. दीड वर्ष मी त्या दंतवैद्याची पत्रं वाचतेय! मला आता काही वाचायचं नाही, काही बघायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. मला फक्त जायचंय!"

गॅरेजमध्ये ठोकाठोक थांबली. रडू येईल की काय अशी भीती वाटली आणि त्याचाही राग आला.

आबा हळूच म्हणाले, "सूनबाई, तुला चालवता येईल का ही?"

"आबा, तुमची पाठ धरते तेव्हा फुलांचा टेम्पो मार्केटला कोण नेतं?"

आबांनी मान हलवली. मग दार उघडून वाकले आणि सीटवरची आपली उशी काढून घेतली. घरी ते रिक्षाने गेले.

रविवारी सकाळी मी साडी नेसले आणि गाडीची खोळ काढली. ओट्यावरून सासूबाईंनी विचारलंच, "कुठं निघाले?"

"इगतपुरीला."

"काय काम हाय?"

"काम नाही."

ह्यांनी तोंड उघडलं. ते तिथल्या घाटनदेवीचं नाव घेणार हे मला कळलं. देव निघाला असता तर टेम्पो निघाला असता. मी घाईने म्हणाले, "नुसतं."

"नुसतं?"

"हो. नुसतं."

सासूबाईंनी पदर खोचला. मग आत गेल्या. मला वाटलं, झालं, रुसल्या. तेवढ्यात चारही मुलं गाडीभोवती गोळा होऊन आम्ही पण, आम्ही पण करू लागली. सासूबाई फडक्यात बांधलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बाहेर आल्या, ते माझ्या हातात दिलं आणि मुलांवर ओरडल्या, "चला मागं! मागं कायच नाय त्या गाडीला." दशम्या चार होत्या. दोघांपुरत्या.

गाडी मी चालवली. हायवेला लागल्यावर ऐंशी, मग नव्वद. टेम्पोच्या खडखडाटाची सवय असलेल्या माझ्या हातांना ती इतकी अलगद वाटत होती की रस्ता आपणहून खालून सरकतोय. दोन्ही बाजूंना भात सोनेरी झालेला, आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं. आणि शेजारी माझा नवरा, मान तिरकी करून, इंजिनाचा आवाज ऐकत.

विल्होळी गेली. वाडीवऱ्हे गेलं. एक शब्द नाही. मी एकदा म्हटलं, "भात छान आलाय." ते म्हणाले, "हं." मी म्हटलं, "ऊन लागतंय का?" ते म्हणाले, "नाय." बारा वर्षं ज्याची वाट बघितली ते हे! इतका संताप आला की मी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"बंद नको करू, परत चालू—"

"नाही झाली तर नाही झाली. उतरून पायी जाऊ. काय झालंय तुम्हाला? त्या बेरिंगची इतकी भीती वाटते?"

ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकसरशी गाडी हलत होती. मग, शाळेत न आलेल्या उत्तराची कबुली देतात तशा आवाजात, ते म्हणाले, "बेरिंगचं भ्याव होतंच. पण खरं सांगू का? दोघंच निघाल्यावर बोलायचं काय, ते मला सुचंना. घरी तू बोलती, मी बोलतो, पण मधे आई असती, आबा असतात, पोरं असतात. इथं मधे कोणच नाय. गाडी घेताना वाटलं, जमंल. मग तू लगेच म्हणाली, कधी जायचं. मी म्हटलं, बघू. तेवढ्यात त्यानं बेरिंगचं काढलं. बरं झालं, असं वाटलं."

बरं झालं! दीड वर्ष! गठ्ठाभर इंग्रजी! मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं, आणि त्यांच्या कपाळावरचा घाम पुसावासाही वाटला. यातलं मी काहीच केलं नाही. दशम्यांचं गाठोडं सोडलं, एक त्यांना दिली, एक मी घेतली.

"मग बेरिंगचंच बोला," मी म्हटलं.

त्यांनी थट्टा समजून माझ्याकडे बघितलं. मी थट्टा करत नव्हते. एक घास खाऊन झाल्यावर ते म्हणाले, "तो दातवाला होता ना गं. त्याला बायको नसंल असं मला सारखं वाटतं."

"का?"

"असती तर तीन वर्षं ठरवू दिलं असतं का तिनं?"

मी गाडी चालू केली. ती चालू झाली.

घाटाच्या तोंडापर्यंत आम्ही दंतवैद्याचंच बोललो. मग त्याच्यावरून ह्यांच्या मामाचं निघालं, जो असाच विहीर कुठे खणायची ते ठरवत म्हातारा झाला. मामावरून ह्यांच्या लहानपणाचं, जे मला बारा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी नाशिक रोडच्या भेळेचं सांगितलं. ते म्हणाले, "रोज जायचे? दोघंच?" मी म्हटलं, "रोज नाही, रविवारी." घाट बघायला म्हणून आलो होतो, बघितला का ते मला आठवत नाही.

येताना गाडी त्यांनी चालवली. ऊन उतरायच्या आत मळा दिसू लागला. फाटकात आबा उभे होते, एक कवाड आमच्यासाठी उघडून धरलेलं. ह्यांचं सांगणं रंगात आलं होतं, पहिल्या गुलाबाच्या कलमांबद्दल काहीतरी. फाटक आलं. गाडी थांबली नाही.

"अहो, घर मागे गेलं!"

"थांब गं," ते म्हणाले, "माझं बोलणं पुरं व्हायचंय."

मी वळून बघितलं. आबांनी उघडं कवाड पुन्हा लावून घेतलं होतं.